जावक क्रमांक नसलेलं पत्र

त्या पत्राला आपण उत्तर दिलं नाही, ही गोष्ट आश्रुबांना दिवसातून चार वेळा तरी आठवायची. आठवली की त्यांची नजर आपोआप कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाकडे जायची. कपाटात शब्दकोशाचे सहा खंड होते. वालूरच्या वाचनालयात हे खंड आले त्या वर्षापासून कोणी त्यांना हात लावला नव्हता. परीक्षा देणारी पोरं मोबाइलमध्ये शब्द बघत, आणि पेपर वाचायला येणाऱ्या म्हाताऱ्यांना आपले आहेत तेवढे शब्द पुरत होते. त्यातल्या चौथ्या खंडात, बरोबर मधोमध, ते पत्र घातलेलं होतं. लपवून ठेवलंय असं आश्रुबा स्वतःशीही म्हणत नसत. नीट ठेवलंय, असं म्हणत.

पत्र जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आलं. खरं तर ते त्यांचं नव्हतंच. पाकिटावर मुलाचं नाव होतं, सिद्धोधनचं. पण सिद्धोधन चाकणला कंपनीत, सून सत्यशीला शाळेत पोरांची खिचडी शिजवायला गेलेली, आणि घरचं टपाल पोस्टमन नेहमी वाचनालयातच टाकून जायचा. आश्रुबांनी ते उघडलं आणि उभ्या उभ्या वाचलं.

‘आपली मुलगी विशाखा हिच्याकडून अंगणवाडीतल्या तपासणीत आवाजाला प्रतिसाद मिळाला नाही. कानांची पुढची तपासणी परभणीला आमच्या केंद्रात करावी लागेल. ही तपासणी मूल झोपेत असताना करतात, गरज पडल्यास झोपेचं औषध देतात. सोबतच्या संमतीपत्रावर आईची सही करून महिनाअखेरीच्या आत पाठवा, म्हणजे पुढच्या यादीत नाव घेता येईल. या वयात एकेक महिना मोलाचा असतो. कृपया वेळ घालवू नये.’ खाली सही होती, माधवी, श्रवणतज्ज्ञ. त्याखाली एक फोन नंबर.

सरकारी पत्र कसं असतं हे आश्रुबांना कोणी शिकवायला नको होतं. एकतीस वर्षं वाचनालय सांभाळताना त्यांनी परभणीच्या कचेऱ्यांशी पत्रव्यवहार केला होता. वर डाव्या हाताला जावक क्रमांक, त्याखाली तारीख, मग विषय, मग संदर्भ, आणि शेवटी गोल शिक्का. या पत्राला यातलं काहीच नव्हतं. वहीतला रेघांचा कागद होता, निळी शाई होती आणि एका ठिकाणी खाडाखोडसुद्धा होती. बरं, मागणी काय? तर अडीच वर्षांच्या पोरीला झोपेचं औषध द्यायला सही करून पाठवा!

आश्रुबांकडे एक फाइल होती. पेपरात फसवणुकीची बातमी आली की ते ती कापून त्या फाइलला लावत. खोटी शिबिरं, खोटे डॉक्टर, अंगठा घेऊन जाणारी माणसं असं सगळं तीत होतं. वाचणारा माणूस सावध असतो अशी त्यांची समजूत होती. आपण भित्रे आहोत हेही त्यांना माहीत होतं. पण फाइल उघडली की भिण्यालाही कागदाचा आधार मिळायचा.

आणि मुळात विशूला ऐकू येत नाही हेच त्यांना मान्य नव्हतं.

सत्यशीला सकाळी शाळेवर जाताना पोरीला वाचनालयात सोडून जायची, ती दुपारी दोनला न्यायची. विशूचं पाळण्यातलं वर्ष सोडलं तर बाकी सगळं इथल्या लाकडी बाकावर गेलं होतं. वाचनालयात बोलायचं नाही, हा नियम आश्रुबांनी पहिल्या दिवसापासून पाळला आणि पाळायला लावला. त्यांचं सगळं काम खुणांवर चाले. दोन बोटं वर केली की पेपर. तळहात उघडा धरला की पुस्तक. पुस्तकावर दोनदा थाप म्हणजे परत आलं, बरं झालं. अंगठा दाराकडे म्हणजे वेळ संपली. गावातल्या कितीतरी माणसांनी आश्रुबांचा आवाज वाचनालयाबाहेरच काय तो ऐकला होता. विशूने या खुणा दूध पिता पिता उचलल्या. दोन बोटं दिसली की ती टेबलावरून पेपर घेऊन रोज वाचायला येणाऱ्या आबासाहेबांपुढे नेऊन ठेवायची, आणि त्यांनी मान हलवेपर्यंत जागची हलायची नाही.

“आश्रुबा, ह्या पोरीएवढी शिस्त कलेक्टर कचेरीत न्हाई,” आबासाहेब म्हणायचे. ते निवृत्त तलाठी होते, त्यामुळे अनुभवावरून बोलत होते. “बाकीची पोरं बघा, निस्ती बोंबलायलीत. हिचा आवाज हाय का?”

आश्रुबा नुसते हसायचे. त्यांना वाटायचं, माझ्यावर गेलीय.

म्हणून डिसेंबरात अंगणवाडीत तपासणीची गाडी आली, आणि डॉक्टरबाईंनी विशूच्या मागे उभं राहून घंटी वाजवली, मग खुळखुळा वाजवला, मग टाळी वाजवली, आणि पोरगी ढिम्म बसून राहिली, तेव्हा आश्रुबांना रागच आला. त्यांनी दारातून सांगितलं, “तिला शांत बसायची सवय हाय. आवाज झाला तर वळून बघायचं न्हाई, असं वळण हाय तिला.” डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, फॉर्मवर खूण केली आणि फोन नंबर विचारला. सत्यशीलानं सिद्धोधनचा सांगितला.

त्या संध्याकाळी टपरीवर आश्रुबा कधी नव्हे ते मोठ्यानं बोलले. “आकडे भरायला पायजेत ह्यांना. दिसंल त्या लेकराला काहीतरी लावून द्यायचं!”

पत्र आल्यावर चार दिवसांनी एक माणूस मोटरसायकलवरून आला. डोक्याला टोपी, पाठीला काळी बॅग. वाचनालयाच्या दारात चप्पल न काढताच म्हणाला, “तुमच्याच नातीला ऐकू येत न्हाई ना, काका? माझ्याकडं कानाचं यंत्र हाय. तपासणी-बिपासणीची भानगड न्हाई. आजच्या आज बसवून देतो.”

आश्रुबा खुर्चीतून उठले. याला कसं कळलं? गावात कोणाला पत्र दाखवलेलं नव्हतं. म्हणजे तिकडून नाव फुटलं. एकानं झोपेच्या औषधाची भीती घालायची आणि दुसऱ्यानं दारात यंत्र घेऊन यायचं. त्यांनी अंगठा दाराकडे केला. माणसाला खूण कळली नाही. मग ते म्हणाले, “चालते व्हा,” आणि स्वतःच्याच आवाजानं दचकले.

त्याच दुपारी वाचनालय रिकामं असताना त्यांनी आपली स्वतःची तपासणी केली. विशू बाकावर बसून चित्रांचं पुस्तक उलटत होती, पाठ त्यांच्याकडे. त्यांनी पितळी ताटली घेतली, हळूच मागे गेले, आणि ताटली बाकाच्या टोकावर धाडकन आपटली. विशू गर्रकन वळली! मोठे डोळे करून तिनं आजोबांकडे बघितलं आणि खुदकन हसली.

आश्रुबांनी तिला उचलून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, पुन्हा वळली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग त्यांनी पत्र चौथ्या खंडात ठेवून दिलं, आणि महिनाअखेर आली तशी गेली.

फेब्रुवारीत एके दिवशी अंगणवाडीची शिवकन्या दुपारी दोनला, नेमकी सत्यशीला पोरीला न्यायला आली तेव्हा, वाचनालयात आली.

“जय भीम काका. परभणीच्या म्याडमची चिठ्ठी आली का हो? फोन लागंना म्हणून त्यांनी चिठ्ठी धाडली म्हणत्यात. मला इचारायल्यात, काय झालं म्हणून.”

सत्यशीला चप्पल घालता घालता थांबली. “कसली चिठ्ठी?”

“न्हाई आली,” आश्रुबा म्हणाले.

इतकं झटकन म्हणाले की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. उभ्या आयुष्यात त्यांनी वाचनालयाच्या रजिस्टरात एक खोटी ओळ लिहिली नव्हती. सत्यशीलानं त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या हाताकडे. हात चष्म्याची काडी चाचपत होता. तिनं पोरीला कडेवर घेतलं आणि ती गेली.

त्या दिवसापासून घरात दोन माणसं एकमेकांवर नजर ठेवून राहू लागली. सत्यशीला भाकरी थापता थापता मधेच “विशू!” म्हणून हाक मारायची, आणि मग पोरीकडे न बघता सासऱ्यांकडे बघायची. आश्रुबा पेपरामागून सुनेकडे बघायचे. तिला चिठ्ठीचा वास लागलाय असं त्यांना वाटायचं. ती वाचनालयात आली की कपाटाजवळ घुटमळते, असंही वाटायचं. एकदा तर तिनं नुसतं विचारलं, “मामा, ह्या कपाटाची चावी कुठं असती?” आणि आश्रुबांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

“मामा, एक बोलू का?” एका सकाळी ती म्हणाली. “ती माझ्याकडं पाठ करून बसली ना, की किती बी हाका मारा, येत न्हाई.”

“हट्टी हाय.”

“तुमी बोलिवलं की येती.”

“माझी सवय हाय तिला.”

“मला बी ती माझीच लेक वाटायची,” सत्यशीला म्हणाली आणि तवा उतरवून ठेवला. “तुमच्या वाचनालयाची न्हाई.”

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी वाचनालय बंद होतं, आणि बाकाला ढेकूण झाले म्हणून आश्रुबांनी आबासाहेबांच्या मदतीनं तो उचलून बाहेर उन्हात टाकला. विशूला बसायला काही नव्हतं. त्यांनी घरून आणलेली जाड वाकळ चार घड्या करून फरशीवर घातली आणि तिच्यावर तिला बसवलं. ती दाराकडे तोंड करून पुस्तक बघत होती. आश्रुबा मागे कपाट झाडत होते. वरच्या फळीवरून ती पितळी ताटली त्यांच्या हातातून निसटली आणि पेटीवर आदळून खणखणत फरशीवर गोल फिरत राहिली.

“अरे ए! काय पाडलं?” बाहेरून आबासाहेब ओरडले.

विशूनं पान उलटलं.

आश्रुबा तसेच उभे राहिले. मग वाकून ताटली उचलली, आणि तिच्या पाठीमागे दोन हातांवर जाऊन झाडूच्या दांड्यानं ताटलीवर मारलं. विशूनं पुस्तकातल्या हत्तीवर बोट ठेवलं. त्यांनी पुन्हा मारलं. पुन्हा. आबासाहेब दारात आले. “काय आश्रुबा, लग्न लागायलंय का आत? कान फुटायलेत की—” आणि मग त्यांची नजर पोरीवर गेली. आबासाहेब दारात दिसले तेव्हा कुठे विशूनं मान वर केली आणि त्यांना दोन बोटं दाखवली. पेपर पाहिजे का?

“आबासाहेब,” आश्रुबा म्हणाले, “जरा बाकावर ही ताटली आपटा. टोकावर.”

ते बाहेर गेले आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. आबासाहेबांनी ताटली आपटली. आश्रुबांच्या मांड्यांखालून एक झिणझिणी सरसरत पाठीत गेली. तळहात लाकडावर ठेवला तर तिथेही तीच. ते बराच वेळ तळहाताकडे बघत बसले. त्यांची नात आवाजाला नाही, बाकाला वळत होती.

“आता एक काम करा,” ते म्हणाले. “माझे हात मागं धरा. सोडू नका.”

“काय चालवलंय?”

“धरा हो.”

आबासाहेबांनी हात धरले. आश्रुबा आत जाऊन विशूच्या समोर उभे राहिले, आणि नेहमी म्हणायचे तसं म्हणाले, “विशू, ये बरं.” ती नुसती बघत राहिली. “विशू, पेपर आण.” तिनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं, खांद्याकडे बघितलं, हात कुठे गेले म्हणून बाजूनं वाकून बघितलं. आणि आश्रुबांना कळलं की आबासाहेबांच्या मुठीत आपली दोन बोटं वर व्हायला धडपडतायत. त्यांना न विचारता. म्हणजे अडीच वर्षांत आपण या लेकराला एकदाही नुसत्या तोंडानं बोलावलं नव्हतं.

“सोडा,” ते म्हणाले. मग हात चोळत, “आबासाहेब, त्या यंत्रवाल्याला हिचं नाव कोणी सांगितलं असंल?”

“कोणी म्हणजे? तुमीच की. टपरीवर केवढ्यानं बोलत व्हता त्या दिवशी, ‘म्हणे माझ्या नातीला ऐकू येत न्हाई!’ पार सेलूच्या फाट्यावर ऐकू गेलं असंल. ते येडं रोज बसतंय तिथं गिऱ्हाईक हुडकत.”

आश्रुबांनी चौथा खंड काढला. विशूला कडेवर घेऊन घरी गेले. सत्यशीला अंगणात धुणं वाळत घालत होती. त्यांनी पत्र पाकिटासकट तिच्यापुढे धरलं.

तिनं ओल्या हातानं घेतलं, वाचलं, पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्यातली तारीख बघितली, आणि बोटांवर काहीतरी मोजलं.

“चाळीस दिवस, मामा.”

“हौ.”

“मी इचारलं व्हतं तुमाला.”

“हौ. खोटं बोललो.”

“का?”

“जावक क्रमांक नव्हता,” आश्रुबा म्हणाले, आणि हे बाहेर पडल्यावर किती फुसकं वाटतंय ते त्यांना ऐकू आलं. “भ्यालो, बाई. तिला झोपेचं औषध देतील म्हणून भ्यालो. आणि... ती माझ्यासारखी हाय म्हणून बरं वाटायचं.”

सत्यशीला रडेल असं त्यांना वाटलं होतं. तिनं पदराला हात पुसले आणि मोबाइल काढला. रविवार असूनही फोन उचलला गेला. तिनं तो मोठ्या आवाजावर टाकून धुण्याच्या दगडावर ठेवला.

“विशाखाची आई का? अहो, किती वाट बघितली तुमची!” आवाज तरुण होता आणि घाईत होता. “ती यादी गेली हो. पुढची बारा तारखेला जाईल. कागद त्याच्या आत हातात पडला पाहिजे, आईच्या मूळ सहीचा. फोटो चालत नाही.”

“तपासणीत काय करत्यात, म्याडम? खरं सांगा.”

“डोक्याला तारा चिकटवतो, कानात आवाज सोडतो, आणि कानाची नस काम करते का ते मशीन सांगतं. सुई नाही, दुखत नाही. आपोआप झोपली तर औषधही देत नाही. तुम्ही तिथंच बसायचं, तिचा हात धरून.”

“आणि मग? ऐकू यील?”

“ते तपासल्याशिवाय नाही सांगणार मी. यंत्रानं भागेल, किंवा ऑपरेशन लागेल, शिकवावं तर लागेलच. महिना गेला ते वाईट झालं. पण वेळ अजून आहे.”

आश्रुबा फोनजवळ वाकले. “म्याडम, मी तिचा आजा. तुमच्या पत्रावर जावक क्रमांक का नव्हता?”

“ते होय?” ती हसली. “घरून लिहिलं होतं, काका. केंद्रातून दोन निरोप तुमच्या मुलाच्या नंबरवर गेले, तो बंद. म्हटलं, वाट कशाला बघा. मला तरी एक सांगा, ती तुमच्याशी बोलते कशी? खुणा करते का?”

“हौ,” आश्रुबा अपराध्यासारखे म्हणाले. “मीच लावल्या. आता बंद करतो.”

“नका! तिच्याकडं आज तेवढेच शब्द आहेत. सगळ्या खुणा लिहून पाठवा मला. कशाला काय ते. इथं आली की मी तिच्याशी त्याच करीन, म्हणजे भ्यायची नाही.”

फोन बंद झाल्यावर सत्यशीलानं संमतीपत्र मांडीवर घेऊन दोनदा वाचलं आणि सही केली. आश्रुबा म्हणाले, “उद्याच्या गाडीनं परभणीला जाऊन देऊन येतो.” 

“कशाला? टपालानं आलं, टपालानंच जाऊ द्या. दोन आठवडं हायती. तुमच्या हातानं लपिवलं, तुमच्या हातानंच टाका. पर मी संग येणार.”

“माझ्यावर इश्वास न्हाई?”

“न्हाई,” सत्यशीला म्हणाली. “आजच्या दिवस तरी न्हाई.”

त्या दुपारी आश्रुबांनी खुणांची यादी केली. दहा-बारा असतील असं वाटलं होतं, एकतीस निघाल्या. त्यातल्या नऊ त्यांनी शिकवलेल्याच नव्हत्या, विशूनं स्वतःच पाडल्या होत्या. दोन्ही गाल फुगवून नाक दाबायचं म्हणजे आबासाहेब. चष्म्याची काडी चाचपायची म्हणजे आजोबा. ही त्यांना माहीतच नव्हती, सत्यशीलानं सांगितली. यादीखाली त्यांनी चार ओळी लिहिल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या. ‘आपलं पत्र वेळेवर मिळालं होतं. उशीर माझ्यामुळे झाला. मुलीच्या आईचा यात दोष नाही.’ मग वाचनालयाचं जावक रजिस्टर उघडलं, त्या वर्षाचा पुढचा क्रमांक बघितला, आणि पत्राच्या डाव्या कोपऱ्यात तो नीट घातला.

सोमवारी दुपारी सत्यशीला शाळेवरून सुटल्यावर तिघं पोस्टाकडे निघाले. आश्रुबांनी पेटीवरच्या पाटीवर टपाल किती वाजता निघतं ते वाचलं. खिडकीतून आत विचारून पाटी खरी आहे ना याची खात्री करून घेतली. पेटीचं कुलूप ओढून बघितलं. पाकिटाचा चिकटवलेला कडेचा भाग दाबून बघितला.

“मामा,” सत्यशीला म्हणाली.

“टाकतो, टाकतो.”

विशूनं वर बघून तळहात उघडा धरला. मला दे. आश्रुबांनी पाकीट तिच्या हातात दिलं आणि तिला उचललं. तिनं पाकीट फटीत अर्धं सरकवलं, सोडलं नाही, आणि आजोबांकडे बघितलं. आश्रुबांनी दोन्ही हातांनी तिला धरलेलं होतं, खूण करायला हात मोकळा नव्हता. त्यांनी मान हलवली. तिनं पाकीट सोडलं, आणि पेटीच्या लाल पत्र्यावर दोनदा थाप मारली.